गाणं थांबलं तेव्हा

गाडीच्या पुढच्या चाकातून घरघर येऊ लागली होती आणि मी ती ऐकून न ऐकल्यासारखी करत होते. टायर झिजला असेल, अशी स्वतःची समजूत घातली. आईच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी तिने सप्तशृंगीला ओटी बोलली होती. आता ती बरी होती, आणि कळवणहून, माझ्या माहेराहून, तिला गडावर न्यायचं होतं. खरं सांगते, माझ्या मनात भक्तीपेक्षा नवस उरकून टाकायची घाईच जास्त होती.

आमच्या घरची रीत अशी की गडाला निघालं की गाडीत देवीची गाणी लावायची, ती गड येईपर्यंत थांबवायची नाहीत. घरघर वाढली तसा मी गाण्याचा आवाज वाढवला. हा शहाणपणा माझाच. गडाच्या पायथ्याच्या नांदुरीच्या अलीकडे एका म्हातारीने हात केला. गडावरच निघाली होती, आईने तिला मागे बसवून घेतलं. बसल्या बसल्या ती म्हणाली, "पोरी, ते गाणं बंद कर. डोकं लय दुखतंय."

मला रागच आला. देवीचं गाणं मध्येच तोडायचं? पण आई म्हणाली, "कर गं बंद." मी बटण दाबलं आणि ती घरघर सगळ्या गाडीत भरून राहिली. स्टिअरिंग थरथरत होतं. समोर घाटाचा चढ सुरू होत होता. गाडी कडेला घेतली, तर डाव्या चाकाला जळका वास आणि हात लावू देणार नाही इतकी धग.

भावाला फोन करून आम्ही वाट बघत उभ्या राहिलो. तेवढ्यात गडाची जीप आली. आईने खण-नारळ म्हातारीच्या पदरात घातला. "बाई, आज आमचं येणं होत नाही."

"दे. मी हाय ना," म्हणत ती जीपमध्ये चढली.

भावाबरोबर आलेल्या मेकॅनिकने जॅक लावून चाक हलवलं. ते लटलटत होतं. "बेअरिंग पार गेलंय, ताई. चाक त्याच्यावरच फिरतं, भारही त्याच्यावरच. घाटात चाक जागेवर राह्यलं नसतं." आई शेजारीच उभी होती. तिच्याकडे बघून मला रडू फुटलं.

ती म्हातारी कोण, हे मी शोधलं नाही. तिचं डोकं दुखत होतं, एवढंच मला ठाऊक आहे. आता गडाला निघताना आधी थोडा वेळ गाडी नुसती ऐकते, मग गाणं लावते, आणि पुढचं देवीवर सोडते.

त्या दिवशी भावाच्या गाडीतून परतताना मी विचारलं, "आई, ओटी भरायला परत कधी यायचं?"

"दर्शनाला येऊ," आई म्हणाली. "ओटी पोचली."