उरलेलं कापड

पंचवीस वर्षं मी लोकांच्या सोफ्यांना कापड चढवतोय, आणि आमच्या मांजरीने घरच्याच सोफ्याच्या चिंध्या केलेल्या. शेवटी मी त्याला नवं कापड चढवलं आणि तिला नखं घासायला एक खांब करून दिला. उरलेलं कापड त्याच खांबाला गुंडाळलं. जोडी अशी शोभत होती की मी स्वतःवरच खूश. मांजर खांब ओरबाडायची, मी तिची पाठ थोपटायचो.

आठवड्याभरात तिने नवा सोफा फाडला.

बायको म्हणाली, “अहो, हे कापड फाडायचं असतं, हे तिला तुम्हीच शिकवलंत. वर शाबासकीही दिलीत.”

खांबाला आता काथ्या आहे, सोफ्यावर जुनी चादर. नवा पाहुणा आला की मी सुतार असल्याचं सांगतो.