विनीच्या वाट्याची बॉक्सटी

सहा जानेवारीच्या दुपारी विनी गिलरेन स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी बसली होती आणि हात कुठे ठेवावेत ते तिला सुचत नव्हतं. निळा ठेवणीतला पोशाख, ओठांना जरासा रंग. समोर शेगडीत पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, विटा धगधगत होत्या, शेजारी चौघी मैत्रिणी. आणि बंद दारापलीकडे, स्वयंपाकघरात, तिचा नवरा फ्रान्सी बॉक्सटी, म्हणजे बटाट्याची जाड धिरडी, करत होता. बाहेर कडाक्याची थंडी, पण विनीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

नाताळाचा हा शेवटचा दिवस बायकांचा. बायकांनी बसायचं, पुरुषांनी रांधायचं आणि वाढायचं. लीट्रिम परगण्याच्या या डोंगराळ कोपऱ्यात ही चाल मुळात नव्हती. बेचाळीस वर्षांपूर्वी दूर दक्षिणेतल्या केरीहून नवी नवरी म्हणून आलेल्या विनीने ती आपल्या ट्रंकेतून आणावी तशी आणली. बायांनी ती तत्काळ उचलली, पुरुषांनी कुरकुरत. हळूहळू शेजारच्या ह्यूने मसाल्याचं गोमांस शिजवायला घेतलं, नणंद टेसीच्या नवऱ्याचा हात केकवर बसला. दिव्याखाली मात्र अंधार. फ्रान्सीने एका वर्षी हॅम असं उकडलं की ते दोरखंडासारखं तुटेना. दुसऱ्या वर्षी ओव्हन पेटवायचाच राहिला. दरवर्षी पाचच्या ठोक्याला विनी कमरेला एप्रन बांधायची, आणि नियम असा की जी बाई स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडेल, तिचा सण तिथेच संपला. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात शंभर पोरांना वाढलेल्या विनीला स्वतःच्या सणाला आयतं ताट कधी मिळालंच नव्हतं.

यंदा वर्षाच्या पहिल्या दिवशी टेसीनेच सगळ्यांदेखत काडी टाकली होती.

"वहिनी, सण तू आणलास, जेवतो आम्ही!"

फ्रान्सी पेला खाली ठेवून ताडकन उठला. "यंदा मी बॉक्सटी करणार. आईच्या हातची होती तशी!"

"तुला अंडं तरी उकडता येतं का रे?" टेसी हसली.

"बघशील तू!"

आणि आता ते बघायची वेळ आली होती. विनीला दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. आधी किसणीची खरखर. ती किसणी फ्रान्सीनेच लग्नाच्या वर्षी पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडून केलेली. मग फडक्यात कीस पिळताना त्याचं "हं... हं..." आणि मग पाणी ओतल्याचा खळखळाट.

विनी खुर्चीच्या कडेला सरकली. कच्च्या बटाट्याचं ते पाणी ओतून द्यायचं नसतं! ते तसंच ठेवलं की तळाशी पांढरा साका बसतो. वरचं पाणी काढून तो साका उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्यात, पीठ-ताकाबरोबर परत घालायचा. त्याच्यावाचून बॉक्सटी तव्यावर उलटताना चिंध्या होते. सासूबाईंनी हे विनीला शिकवलं होतं. मुलाला शिकवायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती.

"उठतेस की काय, वहिनी?" टेसीने डोळे मिचकावले.

"छे! पाठ अवघडली जरा."

"एप्रन आणून देऊ?"

चौघी खिदळल्या. विनीही हसली, पण दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून. आत जावं? फक्त दारातून सांगावं? एक पाऊल, आणि त्रेचाळिसावं वर्षही गेलं. तेवढ्यात तिला आठवलं. सिंकखालचा सांडपाण्याचा पाइप नोव्हेंबरपासून फुटलेला! "उद्या करतो" म्हणत फ्रान्सीने तो तसाच ठेवला होता आणि दोन महिने तिने त्याचं डोकं खाल्लं होतं. म्हणजे पाणी मोरीत गेलंच नव्हतं. ते सिंकखाली ठेवलेल्या एनॅमलच्या टोपात होतं, आणि तो टोप सकाळी तिनेच, नुसत्या उतावळेपणाने, दोनदा घासला होता. देवा, तिच्या मनात आलं, बरं झालं हा माणूस आळशी आहे!

वीस मिनिटं गेली. आत बटाटे कुस्करले जात होते, काहीतरी पडलं, कोणीतरी शिवी दिली. मग मागचं दार वाजलं. खिडकीतून अंगण दिसत होतं. फ्रान्सी दोन्ही हातांनी टोप धरून गटाराकडे निघाला होता.

विनी उभी राहिली.

त्याने टोप कलता केला. पाणी गेलं, पिवळट, पातळ. अजून गेलं. विनीचा हात खिडकीच्या कडीवर पोहोचला. आणि फ्रान्सी थबकला. त्याने टोपात डोकावलं, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं. पन्नास वर्षं त्याने गावातल्या घरांना चुना दिला होता. आणि रंगारी तळाशी बसलेलं पांढरं कधी फेकत नाही. वरची निवळी त्याने थेंबाथेंबाने ओतून दिली, पांढऱ्या थराचा तो टोप लेकरासारखा छातीशी धरला आणि जवळजवळ धावतच आत गेला.

"काय झालं?" टेसी विचारत होती. "काय झालं गं?"

"काही नाही," विनी म्हणाली आणि खुर्चीत बसली.

मग चरचर ऐकू आली. एक, मग दुसरी. तव्यावरचा तो खमंग, किंचित करपट वास दाराच्या फटीतून आला आणि बायकांच्या माना तिकडे वळल्या. दार उघडलं. फ्रान्सीच्या एका भुवईला पीठ, शर्टाला ताक, आणि हातात थाळा. त्यात सोनेरी, कडेला जाळीदार, अखंड बॉक्सट्या, वर वितळून ओघळणारं लोणी.

"पहिली तव्याला चिकटली," तो धापा टाकत म्हणाला, "ती मी खाल्ली. ही तुझी, विने."

मीठ जरा कमी होतं. विनीने ते कुणाला कधी सांगितलं नाही. बशीतलं लोणीसुद्धा तिने शेवटच्या तुकड्याने पुसून घेतलं.

"कशी झालीय?" टेसीने अखेर विचारलं, जरा नरमच आवाजात.

विनीने रिकामी बशी नवऱ्यापुढे धरली.

"फ्रान्सी, अजून एक वाढ. आणि त्या पाइपला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"