दादाची निवड

वाईन शॉपमध्ये किस्से रिकाम्या खोक्यांसारखे साठतात. कुणी टाकत नाही, आणि जागा मात्र अडते. आमच्या अलिबागच्या दुकानातले सगळे किस्से माझ्या दादाचे. काउंटर त्याचा होता, मी मागे खोकी उचलायचो. गणपती झाले आणि एक दिवस छातीत दुखतंय म्हणाला, तो गेलाच. किस्से इथेच राहिले. लोक मलाच ऐकवतात.

दुकानाचे शेठ म्हणाले, "रोज प्यायला परवडेल अशी एक नवी वाईन दिवाळीला पुढच्या फळीवर लावायची. दादा निवडायचा, आता तू निवड. चालली तर काउंटर तुझा. नाहीतर दुसरा माणूस बघतो."

दादाची पद्धत साधी होती. गिऱ्हाईक आलं की विचारायचा, "आज जेवायला काय?" बोंबील असले की एक बाटली, मटण असलं की दुसरी. एकाने सगळ्यात महागडी मागितली, तर म्हणाला, "पाहुणे येणार असतील तर न्या. घरचेच असाल तर ही न्या, चव चांगली आणि खिशालाही बरी." तो माणूस अजून तीच नेतो. नेताना दर वेळी सांगतो, "काय माणूस होता!" मी पिशवी देतो.

नागावच्या अण्णांची सुपारीची वाडी आहे. त्यांचा फ्रीज बिघडला तेव्हा दादाने सांगितलं, बाटली दोरीला बांधून विहिरीत सोडा. अण्णांनी सोडली. गार झाली, पण लेबल पाण्यात सुटून गेलं. दुसऱ्या दिवशी रिकामी बाटली घेऊन आले. "हीच पाहिजे." दादाने झाकण उघडून वास घेतला आणि बरोबर तीच काढून दिली. गावभर झालं. नंतर मला म्हणाला, "झाकणाचा रंग बघितला रे." तरी मी पण वास घेतला. मला विहिरीचा वास आला.

तो गेल्यावर मी काउंटरवर उभा राहिलो. पहिल्याच बाईंना दादासारखंच विचारलं, "आज जेवायला काय?"

"आज उपास आहे."

"मग वाईन कशाला?"

त्या गेल्या त्या गेल्याच.

थळचे एक काका दोन बाटल्या हातात धरून भिंतीवरच्या दादाच्या फोटोला विचारत होते, "सांग रे बाबा, कुठली नेऊ?"

माझं डोकं फिरलं. "तो आता बोलत नाही काका. मला विचारा."

"तुला कळतं?"

काकांनी दोन्ही बाटल्या खाली ठेवल्या आणि बिअर नेली.

त्या रविवारी मी नवीन वाईनची बाटली घेऊन घरी आलो. वहिनी बोंबील तळत होती. मी तिच्यावरच चिडलो. "दादाने मला का नाही शिकवलं? सगळी चव स्वतःजवळच ठेवली."

"कसली चव भाऊजी? यांनी कधी घोट तरी घेतला का? वासानेच मळमळायचं."

"मग निवडायचा कसा?"

"रविवारी जेवताना तुमचा ग्लास कोण भरायचं?"

"दादा."

"आणि समोर बसून तुमच्या तोंडाकडे बघत राहायचे. तुम्ही आपणहून दुसरा ग्लास मागितलात की ती बाटली पुढच्या फळीवर. तोंड वाकडं केलंत की मागे. मला म्हणायचे, त्याला सांगू नकोस, मग तो विचार करून प्यायला लागेल."

तिने ताट वाढलं. ग्लास भरून माझ्यापुढे सरकवला. मी नुसताच धरून बसलो.

"प्या की."

"समोर कुणी नाहीये."

वहिनीने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि समोर येऊन बसली.