खालचा माणूस

जिन्यावरून कपाट चढवायला दोन माणसं लागतात. वरचा वाट दाखवतो, वळणावर कोपरा सांभाळतो आणि तोंड चालवतो. खालच्याला बोलायला श्वास उरत नाही, कारण कपाट त्याच्या अंगावर असतं. क्रेन जन्मभर खालचा राहिला. हे नाव त्याला सामान हलवणाऱ्यांनीच दिलेलं.

या धंद्यात एक शब्द फार मोलाचा. ‘टेक’. तो म्हणण्याचा हक्क फक्त खालच्याचा. त्यानं ‘टेक’ म्हटलं की वरच्यानं मुकाट थांबायचं, माल पायरीवर टेकवायचा, दम खायचा. क्रेननं हा शब्द कधी उच्चारला नाही. टेकलेला माल पुन्हा उचलायला दुप्पट जोर लागतो, असं तो म्हणे. त्याच्या पोटऱ्या बघून वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

त्या पोटऱ्या आता पायजम्यात कुठेतरी हरवल्या होत्या. न्यूमोनियानं तो महिनाभर अंथरुणाला खिळला. ताप उतरला, पण तपासण्यांत आतड्यात गाठ निघाली. वाईट होती, पण काढता येण्यासारखी होती. पोट कापावं लागणार होतं.

“इकडची काडी तिकडे करू दिली नाही मी त्यांना,” त्याची बायको सर्जनला अभिमानानं म्हणाली. “पाण्याचा पेलासुद्धा मीच ओठाला लावते.”

सर्जननं मान वर केली. “दिसतंय ते,” तो म्हणाला, आणि क्रेनला एका साध्या खुर्चीवर बसवलं. “हात छातीवर बांधा आणि उठा. पाच वेळा.”

क्रेननं हात बांधले, पुढे झुकला, कपाळावरची शीर टरारली. बूड खुर्चीवरून हललं नाही. बायकोचा हात सवयीनं त्याच्या काखेत गेला.

“हात काढा, बाई.”

तिनं काढला. तो तसाच बसून राहिला, समोरच्या भिंतीकडे बघत.

“या पायांच्या भरवशावर मी पोटावर सुरी चालवली तर ते टेबलावरून उतरतील, पण घरी चालत जाणार नाहीत,” सर्जन म्हणाला. “तीन आठवडे देतो. गाठ त्याहून फार थांबणार नाही. पाय तयार करून आणा.”

पाय तयार करणारी मुलगी त्याच इमारतीत खाली बसायची. लोक तिला फिजिओ म्हणत. तिच्या खोलीत एक आरसा, रबरी पट्टे आणि तशीच एक खुर्ची होती.

“तीस वर्षं फ्रिज वाहिले त्यांनी,” बायको म्हणाली. “ती ताकद गेली कुठे? खर्च तर मी एक कण होऊ दिला नाही.”

“तिथंच घोटाळा झाला, काकू. ताकद डब्यात भरून ठेवता येत नाही. वापरली नाही की शरीर ती मोडीत काढतं. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं, अभ्यासासाठी. पायांतलं जवळजवळ किलोभर मांस गेलं त्यांचं. काका तर महिनाभर झोपले, तेही तापात.”

बायकोनं नवऱ्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. म्हणजे पेला ओठाला लावत होते तेव्हा मी हेच करत होते तर.

“पण परत येते,” मुलगी घाईनं म्हणाली. “नव्वदीच्या लोकांकडून वजनं उचलून घेतली आहेत. दोन महिन्यांत त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून वाढली. तुमच्याकडे तीनच आठवडे आहेत, पण पाय वजन ओळखणारे आहेत.”

“मी उठूच शकत नाही,” क्रेन म्हणाला. त्या खोलीतलं त्याचं पहिलं वाक्य.

“मग बसा. उभं मी करते, तुम्ही फक्त हळूहळू खाली बसायचं. उठण्यापेक्षा खाली जाताना स्नायू जास्त वजन पेलतो. तिथून सुरुवात. श्वास रोखायचा नाही. चार-पाचदा झालं की दोन-तीन मिनिटं गप्प बसायचं. आणि एक दिवस आड करायचं. व्यायाम करताना स्नायू वाढत नाही, काका, तेव्हा तो शिणतो. वाढतो नंतर. खाल्ल्यावर, झोपल्यावर.”

क्रेननं सगळं ऐकलं. शेवटचं तेवढं त्याला पटलं नाही.

स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीला लावली गेली. तिच्यावर दोन उशा, म्हणजे बैठक उंच, उठणं सोपं. जमलं की एक उशी काढायची. बायको समोर उभी राहायची, हात ओल्या फडक्यात गुंडाळून, नाहीतर ते त्याच्या काखेत जायचे. तो थरथरत खाली जायचा आणि ती मनात म्हणायची, पडला तर? पहिल्या आठवड्याच्या शेवटी तो दोन उशांवरून आपला आपण उठला. ती गॅसकडे तोंड करून उभी राहिली आणि रिकाम्या पातेल्यात डाव फिरवत राहिली.

एक उशी निघाली, मग दुसरीही. उघड्या खुर्चीवरून तो तीनदा उठायला लागला. तेव्हा वरचा भेटायला आला. वरचा म्हणजे क्रेनचा जन्माचा जोडीदार, कपाटाचं वरचं टोक धरणारा.

“काय रे, खुर्चीनं धरलंय म्हणे तुला? वहिनी, काळजी करू नका, मी वरून सांगतो, तो खालून उठेल.”

“तुम्ही आयुष्यभर सांगितलंतच की,” ती म्हणाली. “चहा घ्या.”

“आज किती झाले?”

“आज सुट्टी आहे,” क्रेन म्हणाला.

“सुट्टी? ऑफिसात लागलास काय? साल्या, तू तर कधी टेकला नाहीस.”

तो हसत गेला. गंमतच केली होती त्यानं. पण दुसऱ्या दिवसापासून बायको न्हाणीघरात गेली की स्वयंपाकघरातून खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज यायचा. दुकानातून परत आली की तो घामेजलेला असायचा. तिनं ओळखलं. बोलली नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. दिवस हातातून निसटत होते, आणि जास्त केलं तर जास्तच मिळणार, यात चुकीचं काय? शेवटच्या दोन दिवसांत तर तीच मोजायला उभी राहिली. तपासणीच्या दिवशी सकाळीसुद्धा.

सर्जनच्या खोलीत तो एकदा उठला. दुसऱ्यांदा उठला. तिसऱ्यांदा अर्ध्यात लटकला, गुडघे लटपटले आणि तो धपकन खाली आला.

फिजिओनं त्याच्या मांडीवर अंगठा दाबला. तो कळवळला.

“मधले दिवस सोडले नाहीत ना?”

तो मांडी चोळू लागला.

“मीच मोजत होते,” बायको म्हणाली.

मुलगी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. सर्जननं कॅलेंडर पुढे ओढलं. “दहा दिवस. त्याच्यापुढे मला जागा नाही आणि गाठीला धीर नाही. तेव्हाही असंच असेल तर ऑपरेशनचा विषय सोडून द्यावा लागेल.”

घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. तो कठड्याला धरून पुढे, ती मागे. पहिल्या मजल्याच्या वर त्याचे पाय रबरासारखे झाले. तिनं दोन्ही तळवे त्याच्या पाठीला लावले आणि ढकलू लागली. वाळला होता तरी हाडं वजनदार होती. हा आला तर माझ्याच अंगावर येणार, तिला वाटलं, आणि तिनं पाय आडवा रोवला. मनगटात कळ गेली. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असं तिनं ठरवलं.

तो थांबला. मान न वळवता म्हणाला, “दमलीस.”

“नाही.”

“मला शिकवू नको. खालच्याचा श्वास मला कळतो.”

“चला तुम्ही. थोडंच राहिलंय.”

“अजून दीड मजला आहे.” तो कठडा धरून तसाच उभा राहिला. त्याच्या पाठीतली थरथर तिच्या तळव्यांना कळत होती. “तू म्हटल्याशिवाय मला थांबता येत नाही.”

“काय म्हटल्याशिवाय?”

“मी वर आहे. हक्क तुझा आहे.”

तिला समजायला थोडा वेळ लागला. तीस वर्षं तिनं हा शब्द फक्त चेष्टेत ऐकला होता.

“टेक,” ती म्हणाली.

त्यानं कठड्यावरचा हात काढला, दोन्ही हात छातीवर बांधले आणि श्वास सोडत, इंच इंच करत तो खाली गेला. पायरीवर नीट टेकला. तीही त्याच्या खालच्या पायरीवर बसली. तिचे हात फडक्याशिवायच मांडीवर पडून राहिले.

पायरी खुर्चीपेक्षा किती खाली असते, हे बसल्यावर दोघांच्याही लक्षात आलं.

“आता उठणार कसे?” तिनं विचारलं.

“आत्ता नाही उठायचं,” तो म्हणाला. “ती पोरगी म्हणाली ना, बळ नंतर वाढतं. नंतर होऊ दे.”