मेहुण्याला दिलेला दोर

परवा सकाळी दाजी पळसदरीला आमच्याकडे दोर मागायला आले. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सखूचा नवरा.

हा दोर साधासुधा नाही... घाटात रेल्वेची लाईन चढवली तेव्हा वडील त्या कामावर होते. कमरेला दोर बांधून कड्यावर लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडायचे. पुढे मोहोळ काढण्यासाठी त्यांनी तसाच जाड दोर अंबाडीच्या वाखाचा स्वतः वळला. घराबाहेरच्या कुणाला आम्ही तो देत नाही.

मोहोळ काढायला कड्यावरून नवरा उतरतो आणि वर दोर धरतो तो त्याच्या बायकोचा भाऊ. आपल्याच बहिणीचं कुंकू आहे म्हटल्यावर तो दोर सोडणार नाही, म्हणून ही रीत. पण काटा मोडून माझा पाय सुजलेला... मग माझ्या धाकट्या भावाला दाजींबरोबर पाठवलं.

दाजींनी दोर खांद्यावर टाकला आणि निघाले. ओढून बघितला नाही. पाहुण्याने यजमानाच्या दारात त्याचाच दोर ओढून बघणं आमच्याकडे अपमानाचं समजतात.

थोड्या वेळाने बायको केरसुणी घेऊन बाहेर आली. "अवो, कणगीमागं वाखाचा भुसा पडलाय. उंदरानं दोर खाल्ला का काय?"

दोर एरवी चुलीवर धुरात टांगलेला असतो. घर सारवताना तो कणगीमागे ठेवला आणि तिथेच राहिला... त्यात मधाचा वास, उंदीर येणारच.

काठी घेऊन लंगडत धावलो. कड्यापाशी धूर दिसत होता, म्हणजे माशा उठवायला सुरुवात झाली होती. हाका मारल्या, पण वाऱ्यात त्या कुठे पोचणार... सखूचं कपाळ डोळ्यांसमोरून हलेना. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

वळणावरच्या ऐनाच्या झाडाखाली दोराचा हातभर तुकडा पडला होता. कुरतडलेला... उचलून पाहिला तर दोन्ही टोकं कोयत्याने साफ कापलेली. काय झालं असेल ते उमगलं, तरी तसाच लंगडत वर चढलो.

दाजी मोहोळ काढून वर आले होते. माझ्या हातातला तुकडा पाहून ओशाळले. "दारात वढला असता तर तुमाला वाईट वाटलं असतं, दादा. म्हून वाटंत ऐनाला बांधून वढला. कच्चा भाग तोडला नि गाठ मारली."

दाजींनी माझ्यावर संशय घेतला, याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही...

संध्याकाळी दोर परत द्यायला सखू स्वतः आली. अंगणातल्या आंब्याला बांधून तिने तो सगळ्यांच्या देखत ओढून पाहिला. "फुडल्या येळेला हितंच वढून मग नेनार. राग मानू नको रं दादा."

राग कसला... सुजलेला पाय ओढत मी उठलो आणि तिच्या मागे उभा राहून दोराला हात घातला.