बोटीवरची सवय

लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी माझ्या बायकोनं मला विमान उडवताना पाहिलं नव्हतं. नौदलाचा लढाऊ वैमानिक असण्यात हीच मेख आहे. हवाई दलातल्यांच्या बायका निदान गच्चीवरून तरी बघतात. मी उडायचो ते भर समुद्रातल्या जहाजावरून. माझ्या कर्तबगारीला साक्षीदार कोण, तर मासे! घरी ती रंगवून सांगायला लागलो की ही म्हणायची, "बरं, आधी दूध घेऊन या."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी परदेशात, रेजिना शहरात राहायला आलो आणि गावाबाहेरच्या एका क्लबात छोट्या विमानातून कसरती करायला लागलो. साठी उलटली होती, पण उलटं लटकल्यावर वय कळत नाही. उन्हाळ्यात लोकांसमोर प्रयोग करायचे तर परीक्षकाची सही लागते. त्या परीक्षेला मी बायकोला हट्टानं नेलं. आज हिला दाखवायचंच, असं ठरवलं होतं.

वर जाण्याआधी आम्ही कसरतींचा सगळा क्रम जमिनीवर चालून बघतो. डोळे अर्धवट मिटायचे, तळहाताचं विमान करायचं आणि झुकत, गिरक्या घेत, पुटपुटत फिरायचं. मी पार्किंग लॉटमध्ये ते सुरू केलं तशी ही धावत आली.

"अहो, चक्कर येतेय का? ब्रेकफास्ट स्किप केलात ना? लोक बघतायत!"

लोक बघत नव्हते. शेजारी आणखी दोघे वैमानिक तेच करत होते. हिनं त्यांच्याकडेही काळजीनं पाहिलं.

वर मात्र मी कमाल केली. आपल्या तोंडानं सांगू नये, पण सांगतो. कोलांट्या मारल्या, उलटा उडालो, गिरक्या घेत खाली आलो. मनात एकच, ही बघतेय.

आणि उतरताना घात झाला. जहाजावरची धावपट्टी बोटभर. तिथं विमान अलगद टेकवत नाहीत, आपटतात, म्हणजे शेपटीचा आकडा आडव्या तारेत अडकतो. आपटताक्षणीच इंजिन पूर्ण जोरात सोडायचं, कारण आकडा निसटला तर पुढे समुद्र. ही सवय मी कधीच मोडली होती. पण त्या दिवशी आनंदाच्या भरात विमान दाणकन आपटलं, आणि हातानं मला न विचारता इंजिन पूर्ण जोरात सोडलं. चाकं टेकतात न टेकतात तोच मी परत आभाळात! दुसऱ्यांदा शहाण्यासारखा उतरलो.

परीक्षक तरुण आणि भलताच सभ्य होता. "सॉरी," तो म्हणाला. इथं दुसऱ्याच्या चुकीबद्दलही हेच सॉरी म्हणतात. वरचं सगळं सुंदर झालं, पण उतरून दाखवायला पुढच्या शनिवारी परत यावं लागेल, असं त्यानं सांगितलं.

मी चरफडत बायकोकडे गेलो आणि तिच्या हातातला डिजिटल कॅमेरा ओढला. निदान कोलांट्या तरी बघू. कॅमेऱ्यात सगळे फोटो जमिनीवर टेकलेल्या विमानाचे.

"तुम्ही उलटे झालात तसे मी डोळेच मिटून घेतले," ती म्हणाली.

"अगं, चौतीस वर्षांनी दाखवत होतो!" मी भडकलो.

"मला काय करायचंय ते उलटंसुलटं?" ती डबा उघडत म्हणाली. "तेव्हा बोट गेली की तुम्ही नीट उतरलात की नाही, हे महिना महिना कळायचं नाही मला. आज डोळ्यांनी बघितलं. तेही दोनदा."

मला एकदम भरून आलं. मी एक अख्खी पुरी तोंडात कोंबली, म्हणजे काही बोलावं लागणार नाही.