तिघांचं एकमत

खोटं पकडण्यावर आमच्या घरातल्या दोघांची पोटं भरली. दीर पोलिसात हवालदार होते, नवरा मुख्याध्यापक आहे. सासूबाई शाळेची पायरी चढलेल्या नाहीत.

गेल्या वर्षी एका सकाळी सोनईहून मला फोन आला. सासूबाईंचे धाकटे भाऊ, आमचे मामा, पहाटे गेले. सख्खी बहीण एकच, म्हणून मंडळी दुपारपर्यंत थांबणार होती. सासूबाईंना शेवटचं तोंड दाखवायलाच हवं होतं. पण महिन्यापूर्वीच त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का नको. कोपरगावहून सोनई दोन तासांवर. तेवढा वेळ खोटं बोलायचं ठरलं. (ठरवलं मी. आमच्याकडे ठरवायचं खातं माझंच!)

सराव म्हणून आधी भाऊजींना सांगितलं, "मामांना चक्कर आली, सलाईन लावलंय, काळजीचं काही नाही."

भाऊजींनी माझ्या डोळ्यांत रोखून पाहिलं. (या नजरेला अट्टल चोर टरकत, असं ते सांगतात.)

"चला, थोडक्यात निभावलं!" म्हणाले.

हे तर म्हणाले, "मग शाळा सुटल्यावर जाऊ की."

दोघांना खरं सांगितलं, डोळे पुसायला लावले आणि तेच वाक्य पाठ करून घेतलं. एक शब्द बदलायचा नाही!

गाडीत बसताना सासूबाईंनी मला विचारलं, "काय झालं गं त्याला?" मी वाक्य म्हटलं. शिर्डीपाशी त्यांनी ह्यांना विचारलं. तेच वाक्य. राहुरीत भाऊजींना. तेच, फक्त कोर्टात साक्ष द्यावी तसं, खणखणीत!

सासूबाईंनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"च्यात साखर किती टाकायची, यावर तुमचं तिघांचं कधी जमलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आज बरं एकच बोलनं?"

हे आणि भाऊजी दोघंही माझ्याकडे बघू लागले.

"कवा गेला?"

"पहाटे," मी म्हणाले, आणि झटकन त्यांची नाडी धरली.

"सोड हात. तुझाच कापतोय." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "गाडी जरा दामटा रे. लोकं खोळंबली असतील."

सोनईत त्या सरळ चालत भावापाशी गेल्या. त्याच्या गालांवरून हात फिरवला, शांतपणे रडल्या. मला मात्र दारातच हुंदका फुटला, मी मटकन खाली बसले. बायकांनी वारा घातला, पाणी पाजलं.

एक म्हातारी कळवळून म्हणाली, "हिला कुनी सांगितलं न्हवतं का? असं अंधारात ठिवून न्हाई आनू मानसाला!"

सासूबाईंनी तशाच रडत मान वळवली. "तिलाच समद्यांच्या आधी ठावं हुतं, बाई."